डॉर्टमुंडला शिकायला येतोयस, तर फुटबॉलचं हे वाच

भावा, ऑक्टोबरपासून तू इथल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत मास्टर्सला येतोयस आणि फुटबॉलचे तीन प्रश्न विचारलेस. मॅच प्रत्यक्ष बघायला मिळेल का, विद्यार्थ्याला तिकीट परवडेल का, आणि इथला बोरुसिया डॉर्टमुंड हा क्लब आपले चांगले खेळाडू विकत राहतो, तर त्याच्या मागे उभं का राहायचं, त्यापेक्षा म्युनिकचा बायर्न का नको? खोलीचं आणि ब्लॉक्ड अकाउंटचं (व्हिसासाठीच्या बँक खात्याचं) वेगळं लिहितो. आज फक्त फुटबॉल. मीही कोल्हापूरचाच, शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर वाढलेला, आणि २०१६ पासून इथे आहे.

परवडेल. दक्षिण स्टँडमध्ये उभं राहून बघायचं तिकीट वीस युरोच्या आसपास पडतं. अडचण पैशाची नाही, तिकीट मिळण्याची आहे. स्टेडियममध्ये ८१,३६५ माणसं मावतात, पण त्यातली सुमारे ५५ हजार तिकिटं सीझनची असतात आणि ती घरातल्या घरात फिरतात, कोणी सोडत नाही. म्हणून आल्या आल्या क्लबचा सदस्य हो. सदस्यांना विक्री आधी खुली होते. बायर्नच्या मॅचवर आशा ठेवू नकोस, आउग्सबुर्गसारखे छोटे पाहुणे येतात तेव्हा प्रयत्न कर. कुणाचं येणं रद्द झालं की तिकीट क्लबच्या अधिकृत पुनर्विक्रीत येतं, मॅचच्या आदल्या दोन दिवसांत तिथे डोळा ठेव. स्टेशनबाहेर कुणी तिकीट पुढे केलं तर घेऊ नकोस.

तिकीट मिळेपर्यंत वाट बघत बसायची गरज नाही. मोठ्या स्टेडियमला अगदी लागून रोटे एर्डे नावाचं जुनं मैदान आहे. क्लबचा दुसरा संघ तिथे खेळतो आणि तिकीट सहज मिळतं. महिला संघाची मॅचही बघ. क्लबने तो २०२१ मध्ये उभा केला तेव्हा वरच्या विभागातली कुणाची जागा विकत घेतली नाही, जिल्हा पातळीपासून सुरुवात केली. मला या क्लबची ही गोष्ट फार आवडते.

सदस्य हो म्हणालो ते तिकिटासाठी, पण खरं कारण वेगळं आहे. आपण आयपीएल बघत वाढलो. तिथे संघाला मालक असतो आणि शहर फक्त नावापुरतं. इथली कल्पना आपल्या तालमीच्या जास्त जवळची आहे. कोल्हापूरच्या फुटबॉलमधली पाटाकडील किंवा शिवाजी तरुण ही जशी पेठेतल्या माणसांची मंडळं आहेत, तशीच जर्मन क्लबच्या मुळाशी सदस्यांची नोंदणीकृत संस्था असते. व्यावसायिक संघासाठी कंपनी काढली तरी मताधिकारात बहुमत संस्थेचंच राहिलं पाहिजे, असा नियम १९९८ पासून आहे. त्याला 'पन्नास अधिक एक' म्हणतात. लेव्हरकुसेन आणि वोल्फ्सबुर्ग हे जुने अपवाद. डॉर्टमुंडची कंपनी तर शेअर बाजारात आहे आणि संस्थेकडे जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास शेअर आहेत, तरी कारभार चालवणारी कंपनी पूर्णपणे संस्थेच्या मालकीची असल्यामुळे सूत्रं सदस्यांच्या संस्थेकडेच राहतात. असे सदस्य दोन लाखांहून जास्त आहेत. तू त्यातला एक होशील, वार्षिक सभेत तुला मत असेल.

या मताला आणि आवाजाला वजन आहे. डिसेंबर २०२३ मध्ये जर्मन लीगने प्रक्षेपण हक्कांच्या व्यवसायात बाहेरचा गुंतवणूकदार आणायचं ठरवलं. प्रेक्षकांनी देशभर मैदानावर टेनिस बॉल फेकून मॅच थांबवल्या, आठवड्यामागून आठवडा. फेब्रुवारी २०२४ मध्ये लीगने तो व्यवहार सोडून दिला.

आता खेळाडू विकण्याचं. याची मुळं शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत आहेत. १९९७ मध्ये चॅम्पियन्स लीग जिंकल्यावर क्लबने ऐपतीबाहेर खर्च केला, २००० मध्ये शेअर बाजारातून आलेला पैसाही त्यात गेला, शेवटी स्टेडियमसुद्धा एका फंडाला विकून भाड्याने घ्यायची वेळ आली. १४ मार्च २००५ ला ड्युसेलडॉर्फ विमानतळावर त्या फंडाच्या गुंतवणूकदारांची सभा होती. त्यांनी क्लबला पैशाची सवलत द्यायला नकार दिला असता तर क्लब दिवाळखोरीत गेला असता. त्यांनी होकार दिला. माझ्या ऑफिसातले जुने लोक ती तारीख अजून घरच्या आजारपणासारखी सांगतात. इथे कुणी शेठ येऊन तोटा भरून देणार नाही, म्हणून तेव्हापासून सूत्र ठरलं: तरुण, भुकेला खेळाडू स्वस्तात आणायचा, खेळवायचा, महाग विकायचा. डेम्बेले १५ दशलक्ष युरोत आला आणि वर्षभरात १०५ दशलक्ष अधिक बोनसवर बार्सेलोनाला गेला. हालांड २० दशलक्षांना आला, ६० दशलक्षांना गेला. सतरा वर्षांच्या बेलिंगहॅमला जगातला कोणता मोठा क्लब रोज खेळवणार होता? इथे त्याला मैदान मिळालं.

पण हे धोरण मला डोळे मिटून मान्य नाही. प्रत्येक विक्रीबरोबर संघाचा कणा जातो. गोट्झे, लेवांडोव्स्की, हुमेल्स हे तर थेट बायर्नला गेले, म्हणजे ज्याला हरवायचं त्यालाच बळ. आणि आलेला पैसा कधीकधी भूक संपलेल्या, मोठ्या पगाराच्या खेळाडूंवर जातो, तेव्हा सूत्राचा पहिला अर्धा भागच विसरलेला असतो. त्याची किंमत मी २७ मे २०२३ ला बघितली.

लीगची शेवटची, चौतिसावी फेरी. डॉर्टमुंड बायर्नपेक्षा दोन गुणांनी पुढे, समोर माइन्झ, आपल्याच मैदानावर. जिंकलं की अकरा वर्षांनी विजेतेपद. मला तिकीट नव्हतं, क्रॉइत्सफिअर्टेल वस्तीतल्या एका पबमध्ये दारात उभा होतो. माइन्झने पहिला गोल केला, मग आमच्या हालेरची पेनल्टी अडवली गेली आणि चोविसाव्या मिनिटाला ०-२. बेलिंगहॅम दुखापतीमुळे बाकावर. एकोणसत्तराव्या मिनिटाला आमच्या गेरेरोचा गोल. मग कोलनमधून, जिथे बायर्न खेळत होतं, बातमी आली की बायर्नवर बरोबरीचा गोल झाला. आम्ही १-२ ने मागे, तरीही तक्त्यात पहिले. ती आठ मिनिटं संपूर्ण रस्ता ओरडत होता. एकोणनव्वदाव्या मिनिटाला मुसियालाने बायर्नसाठी गोल केला. पब शांत झाला. आमच्या ज्यूलेने अगदी शेवटी २-२ केलं, पण तोवर काही उरलं नव्हतं. दोघांचे ७१ गुण, गोलफरकावर बायर्न. मग पडद्यावर प्रशिक्षक तेर्झिच एकटा दक्षिण स्टँडसमोर जाऊन रडला, आणि त्या स्टँडने, म्हणजे पंचवीस हजार माणसांनी, शिट्ट्या न मारता त्याला टाळ्या दिल्या. माझ्या शेजारच्या सत्तरीच्या आजोबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि न बोलता बिअर पुढे केली. सात वर्षं इथे राहत होतो, पण या गावाचा झालो तो त्या दिवशी. बायर्न का नको, याचं माझं उत्तर एवढंच आहे.

काही बारीक गोष्टी. दक्षिण स्टँडला इथे नुसतं 'झ्यूड' म्हणतात. लायब्ररीतून थेट मॅचला निघू नकोस, ए-फोर कागदापेक्षा मोठी बॅग आत नेता येत नाही. मॅचच्या दिवशी निळं जॅकेट घालू नकोस, निळा रंग शेजारच्या गेल्सेनकिर्शनच्या शाल्के या कट्टर प्रतिस्पर्धी क्लबचा, आणि त्यांचं नाव इथे शक्यतो घेत नाहीत, 'हेर्ने-वेस्ट' म्हणतात. बिअरच्या ग्लासचं डिपॉझिट परत घ्यायला विसरू नकोस. शनिवारी मॅच बहुधा दुपारी साडेतीनला असते.

पोहोचलास की कळव. सीझन तिकीट माझ्याकडेही नाही, पण पहिला रिकामा शनिवार रोटे एर्डेचा ठरवू. युनिव्हर्सिटीतून एस-वन लोकलने स्टेशनला ये, तिथून मोलरब्र्युके पुलाजवळ भेटू आणि गर्दीबरोबर चालत जाऊ.