‘कथा’चं ‘कहाँ’ करू नकोस

प्रिय बेटा,

तुझं गाणं मंगळवारी रात्री पोहोचलं. मोबाइलवर ऐकलं नाही. सकाळी पुतण्या वावरात निघाला होता, त्याच्या ट्रॅक्टरवरच्या साउंडवर लावायला सांगितलं. आपल्याकडचं गाणं शेवटी ट्रॅक्टरवर, कालीपिलीत आणि हळदीच्या मांडवात वाजतं, तिथं ते कसं लागतं हे आधी कळलं पाहिजे. पुतण्याने इंजिन बंद करायचं सोडून पूर्ण गाणं ऐकलं. दुसऱ्यांदा त्याने स्वतःच लावलं.

हे पहिल्या फाइलबद्दल. तू दोन पाठवल्यास. एकीत अहिराणीत ‘कथा गयी वं सई’ आहे, दुसरीत त्याच चालीवर, त्याच अर्थाचं ‘कहाँ गई रे सखी’. तुझा स्टुडिओवाला म्हणतो की हिंदी टाकलं तर गाणं भारतभर चालेल, आणि तू मला विचारतेस की कोणतं टाकू. अजून एक विचारलंस, की गाणं व्हायरल कसं होतं. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

2012 च्या डिसेंबरात आमची बॅन्जो पार्टी पारोळ्याकडच्या एका वरातीत वाजवत होती. पोरांनी फर्माईश केली, ‘मास्तर, तो घोडावाला वाजवा.’ आमच्या बॅन्जोवाल्याने ती चाल मोबाइलवरून कानाने उचलली होती. त्याने सुरू केली मात्र, नवरदेवाच्या खऱ्या घोडीपुढे पन्नास पोरं लगाम धरल्यासारखे हात करून घोड्याचा नाच नाचायला लागली. गाणं कोरियन होतं. वरातीत कोणालाही त्यातलं वाक्य कळत नव्हतं. पण एक ओळ आली की सगळा रस्ता ओरडायचा, ‘ओप्पा गंगनम स्टाइल!’ त्या रात्री मी कीबोर्ड वाजवता वाजवता विचार करत होतो, की हे शब्द इथपर्यंत आले कसे?

नंतर मी त्या गाण्याच्या मागे लागलो. ‘गंगनम’ म्हणजे काय, माहीत आहे? कोरियन भाषेत ‘गांग’ म्हणजे नदी, ‘नाम’ म्हणजे दक्षिण. सोल शहरातून हान नदी वाहते, तिच्या दक्षिणेचा श्रीमंत लोकांचा भाग तो गंगनम. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर ‘नदीपल्याडची ढब’. तुझ्या मामाच्या गावात कोणी ‘तापीपल्याडची ढब’ म्हणून गाणं केलं असतं, तर स्टुडिओवाल्याने सांगितलं असतं, एवढं लोकल ठेवू नका, बाहेरच्याला काय कळणार. आणि ‘ओप्पा’ हा बाईमाणसाने मोठ्या भावाला किंवा आपल्या माणसाला मारायच्या हाकेचा शब्द. त्याचंही गाणाऱ्याने ‘ब्रदर’ केलं नाही. जगाने जे दोन शब्द पाठ केले, ते दोन्ही त्याच्या घरचे होते.

गाणारा पार्क जे-सांग, लोक त्याला साय म्हणतात. गाणं 15 जुलै 2012 ला आलं तेव्हा तो 34 वर्षांचा होता. पोरी, हा आकडा नीट वाच. तू 22 व्या वर्षी मला लिहितेस की उशीर झाला. त्याचा पहिला अल्बम 2001 चा. मजकूर आक्षेपार्ह आहे म्हणून त्याला दंड झाला. दुसऱ्या अल्बमवर 19 वर्षांखालच्यांसाठी बंदी आली. त्यांच्याकडे प्रत्येक तरुणाला लष्करी सेवा करावी लागते. त्याने ती केली, मग ती नीट केली नाही असं ठरलं आणि 2007 च्या अखेरीस त्याला पुन्हा भरती व्हावं लागलं. तिथून 2009 मध्ये सुटला. 2010 मध्ये वायजी नावाच्या मोठ्या संगीत कंपनीत गेला, आणि हे गाणं त्याच्या सहाव्या अल्बममधलं. म्हणजे ज्याला आपण एका रात्रीत आलेलं गाणं म्हणतो, त्याच्या मागे अकरा वर्षं देशातल्या लोकांपुढे स्टेजवर नाचलेला माणूस उभा होता. कंपनीच्या यूट्यूब चॅनलवर बाहेरदेशचे श्रोते आधीपासून होते, हेही विसरू नकोस. पखाल आधीच भरलेली होती, तोंड त्या जुलैत उघडलं. मग टी-पेनसारख्या अमेरिकन गायकांनी व्हिडिओचं कौतुक केलं आणि लोंढा सुरू झाला.

व्हिडिओची सुरुवात पुन्हा एकदा बघ. माणूस आरामखुर्चीत पहुडलाय, वाटतं समुद्रकिनारा आहे. कॅमेरा मागे जातो तर लहान मुलांच्या खेळाच्या मैदानातली वाळू निघते. मग तबेला, पार्किंग, टुरिस्ट बस. श्रीमंतीचा आव आणणाऱ्या माणसाची ही फजिती आहे, आणि ती सोलमधल्या माणसाला सोलच्या गल्लीत दिसणारी आहे. त्याने ती तिथल्यांसाठीच केली होती. तरी आपल्या पारोळ्याच्या रस्त्यावर ती पोहोचली, कारण असा आव आणणारा माणूस प्रत्येक गावात असतो. आणि नाच असा की आजोबालाही जमावा. हात बांधले, टाच उचलली, झालं. ठेका पहिल्या काही सेकंदांतच सुरू होतो. तुझ्या व्हिडिओत केळीच्या बागेवरून ड्रोन 38 सेकंद फिरतो. मी मोजले. केळीची बाग आमच्या रोजच्या डोळ्याखालची आहे, बेटा, आणि ड्रोनवाल्याला पैसे दिलेत म्हणून ती ठेवू नकोस. आवाज पाचव्या सेकंदाला आला पाहिजे.

आता यश. 21 डिसेंबर 2012 ला त्या व्हिडिओने यूट्यूबवर 100 कोटींचा टप्पा गाठला, कोणत्याही व्हिडिओने पहिल्यांदाच. 2014 मध्ये त्याचे व्ह्यूज इतके वाढले की यूट्यूबचा मोजणारा काटाच बदलावा लागला, कारण जुना काटा 214 कोटी 74 लाख 83 हजार 647 च्या पुढे जाऊच शकत नव्हता. जग बघणार असं काटा करणाऱ्यांनाही वाटलं नव्हतं.

पण मला या सगळ्यात सर्वांत लागलेली गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेत गाजणाऱ्या गाण्यांच्या बिलबोर्ड यादीत हे गाणं सात आठवडे दुसऱ्या क्रमांकावर बसून राहिलं. पहिला नंबर मिळालाच नाही. इंग्लंडमध्ये मिळाला, तिथे नाही. त्या यादीत रेडिओला मोठं वजन होतं, अमेरिकन रेडिओवर कोरियन गाणं कमी वाजलं, आणि यूट्यूबचे व्ह्यूज तेव्हा मोजतच नव्हते. 2013 च्या फेब्रुवारीत नियम बदलला आणि यूट्यूब धरायला लागले. या गाण्यासाठी उशीर झाला होता, फायदा मागून येणाऱ्यांना झाला. तेव्हा तुझ्या गाण्याला कोणत्या तरी यादीत, कोणत्या तरी चॅनलवाल्याच्या ‘टॉप टेन’मध्ये जागा मिळाली नाही म्हणून रडू नकोस. मोजणारे नेहमी मागे असतात. आणि पैसे देऊन व्ह्यूज घ्यायचं तुझ्या मित्राने सुचवलंय, त्याला माझ्याकडून सरळ नाही सांग. यूट्यूबला ते चालत नाही, ते पकडून काढून टाकतात. शिवाय खोट्या व्ह्यूजमधून पुढच्या हळदीची सुपारी येत नाही.

कागदाचं सांगतो, कारण यात मी पोळलोय. कॅसेटच्या दिवसांत मी एक चाल बांधली. एका कॅसेटवाल्याने हातात दोन हजार ठेवले, मी घाईघाईत छापील कागदावर सही केली. ती चाल पुढे दहा वर्षं धुळ्यापासून नंदुरबारपर्यंत प्रत्येक लग्नात वाजली, मी स्वतः ती वाजवली, आणि कव्हरवर माझं नाव कुठेच नव्हतं. त्या कागदाची प्रत आजही माझ्या ट्रंकेत आहे. 2012 मध्येच आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. आता गीतकार-संगीतकाराने हक्क लिहून दिले तरी रॉयल्टीतला त्याचा वाटा कायद्याने त्याचाच राहतो. पण हे तेव्हाच उपयोगी, जेव्हा शब्द आणि चाल तुझ्या नावावर आहेत हे लिहिलेलं असेल. आयपीआरएसची, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेची, सभासद हो. स्टुडिओवाल्याशी बोलणं कितीही गोड असो, कागद घरी आण, दोन दिवस ठेव, मला दाखव, मग सही.

आता तुझ्या पहिल्या प्रश्नावर. तुझ्या गाण्यात सासुरवाशीण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येते, निंबावरचा झोका रिकामा दिसतो आणि ती मैत्रिणीला शोधत फिरते. ‘कथा गयी वं’ मध्ये तू ‘वं’ जिथे खेचतेस, तिथे तुझा आवाज किंचित फाटतो. माझ्या आजीचा आवाज झोक्यावर गाताना तसाच फाटायचा. हिंदीत ‘रे’ वर तो फाटत नाही, तो गुळगुळीत निघून जातो. हिंदी चांगली भाषा आहे, पण त्या ओळीत तू कोणाला तरी शोधतेयस असं वाटत नाही, गाणं म्हणतेयस असं वाटतं. पुतण्याने इंजिन चालू ठेवून ऐकलं ते पहिलं. आपल्या अहिराणी गाण्यांवर सुरतेत, पुण्यात, मुंबईच्या चाळींत पोरं नाचतात, ती कोणी हिंदी केली म्हणून नाही.

पहिली फाइल टाक. आखाजीच्या आठ दिवस आधी टाक, लेकी बसमध्ये बसायला लागतात तेव्हा. मात्र मागचा तो कीबोर्डवरचा झोक्याचा आवाज काढ, तो दाराच्या बिजागरीसारखा वाटतो. रविवारी मी तुझ्या गावाला येतो. पहाटे पाचला, रस्त्यावर गाड्या सुरू व्हायच्या आत, तुमच्या अंगणातल्या निंबाखाली खरा झोका रेकॉर्ड करू. माईक माझा. आईला बसायला सांग, तिचा झोका सावकाश जातो. आणि घरच्यांना सांग, माझ्यासाठी नवा दोर बांधू नका. जुनाच असू दे, तोच करकरतो.

तुझा,
मास्तर
अमळनेर