गाडी त्याच्या नावावर असली तरी

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतल्या त्या डिटेक्टिव्ह एजन्सीत रुजू झालीस, आनंद वाटला. एक गृहस्थ बायकोच्या गाडीला गुपचूप ट्रॅकर लावून मागताहेत, गाडी त्यांच्याच नावावर आहे, मग हरकत काय, असं तू विचारलं आहेस. हरकत आहे.

कायदा तिथे राज्यागणिक बदलतो. कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेचं कलम 637.7 घे. कोणाच्या हालचाली कळाव्यात म्हणून गाडीला असं यंत्र लावणं तिथे गुन्हा आहे. नोंदणीकृत मालकाची संमती असेल तर मात्र हे कलम लागत नाही, आणि तुझे गृहस्थ नेमके याच फटीतून निघू पाहताहेत. पण पाठलागाचं कलम, 646.9, वेगळं आहे. त्यात गाडी कोणाची हा प्रश्नच येत नाही. शिवाय 637.7 मोडलं तर तुमच्या एजन्सीचा परवाना रद्द व्हायला तेवढं कारण पुरतं. टेक्सासात दुसऱ्याच्या मालकीच्या किंवा दुसऱ्याने भाड्याने घेतलेल्या गाडीला असं यंत्र लावायला बंदी आहे. मला फ्लोरिडाची तरतूद सर्वात शहाणी वाटते: नवरा-बायकोपैकी एकाने घटस्फोटाचा अर्ज केला, की आधी दिलेली संमती मागे घेतली असंच गृहीत धरतात.

जोन्स खटला मुळातून वाच. जोन्स नावाच्या संशयिताविरुद्ध अंमली पदार्थांच्या तपासात पोलिसांना 10 दिवसांचं वॉरंट मिळालं होतं, तेही वॉशिंग्टन शहरापुरतं. त्यांनी यंत्र लावलं अकराव्या दिवशी, शेजारच्या मेरीलँडमध्ये, जीपच्या बुडाला. 28 दिवस माग काढला, मध्ये एकदा उभ्या गाडीखाली जाऊन बॅटरीही बदलली. दोन हजारांहून जास्त पानांची माहिती जमली. जीप जोन्सच्या बायकोच्या नावावर होती, वापरायचा तो. तरीही 2012 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायाधीशांनी ही राज्यघटनेच्या अर्थाने झडतीच ठरवली. हा निकाल सरकारला बांधतो, खासगी माणसाला नाही. खासगी माणसासाठी राज्यांचे आपापले कायदे आहेत.

मला खरी काळजी वेगळीच आहे. ती बाई घर सोडून गेली असेल तर? ट्रॅकर तिचा नवा पत्ता सांगेल, मुलांची शाळा सांगेल, ती रात्री कुठे थांबते तेही सांगेल. आणि ते सगळं तू स्वतःच्या हाताने त्या माणसाला नेऊन देशील. पुढे काय होईल ते तुझ्या ताब्यात राहणार नाही.

म्हणून काम हातात घेण्याआधी त्यांना समोर बसवून विचार: गाडी रोज कोण चालवतं? चालवणाऱ्याला हे माहीत आहे का? घटस्फोटाचा अर्ज झालाय का, किंवा बायकोपासून लांब राहा असा कोर्टाचा संरक्षणाचा आदेश निघालाय का? उत्तरं लिहून घे, खाली सही घे. बायकोला कळता कामा नये, असं ते म्हणाले तर तिथेच नकार दे. वरिष्ठांनी आग्रह धरला तर नकार लेखी दे आणि मला लगेच फोन कर.

तुझा,
काका