विमानांच्या शर्यतीत वैमानिकांचे बोलणे ऐकायचे असेल तर कोणता स्कॅनर घ्यावा?

आपला प्रश्न असा आहे की सप्टेंबरमध्ये मुलाकडे अमेरिकेत जाणे होणार आहे, रॉसवेलच्या विमान शर्यती पाहण्याचा बेत आहे, तर वैमानिकांचे बोलणे ऐकण्यासाठी साधा हातातला स्कॅनर (अनेक फ्रिक्वेन्सी एकामागून एक तपासून ऐकवणारा रेडिओ) पुरेल की महागडा डिजिटल घ्यावा लागेल. साधाच घ्या. या कामासाठी डिजिटल संच घेणे म्हणजे पैसा वाया घालवणे आहे, आणि हे मी ऐकीव माहितीवरून नव्हे, तर तसा संच शेजारच्या खुर्चीवर चालताना पाहून लिहितो आहे.

या शर्यती १९६४ पासून २०२३ पर्यंत नेवाडातील रीनोजवळ होत असत, त्याही १९६६ पासून तिथल्या स्टेड विमानतळावर. २०२५ पासून त्या न्यू मेक्सिकोतील रॉसवेल येथे भरू लागल्या. रीनोला मी माझ्या मेहुण्यांबरोबर गेलो होतो. वडोदऱ्याहून निघण्यापूर्वीच दांडिया बाजारातल्या आमच्या घरी या विषयावर कडाक्याचा वाद झाला होता. मेहुण्यांचे म्हणणे असे की अमेरिकेत पोलीस आणि अग्निशमन दल डिजिटल यंत्रणेवर गेले, तेव्हा विमानेही गेलीच असणार. मी त्यांना परोपरीने सांगितले की नागरी विमानांचे संभाषण आजही ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, रेडिओच्या जुन्या एएम पद्धतीनेच चालते, आणि त्यामागे कारण आहे. एफएममध्ये दोघे एकाच वेळी बोलले तर जोरकस लहरी दुबळ्या लहरींना गिळून टाकतात. एएममध्ये निदान शिट्टीसारखा आवाज होतो आणि मागे आणखी कोणीतरी बोलत आहे हे कळते. संकटातल्या वैमानिकाची हाक दडपली जाऊ नये, यासाठी हा गुण मोलाचा आहे. मेहुण्यांनी ऐकले नाही आणि तिथे पोहोचताच दुकानातला सर्वांत महाग संच घेतला.

शर्यत सुरू झाली ती मस्टँग आणि सी फ्युरी यांसारख्या पिस्टन इंजिनांच्या विमानांची, जी ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास वेगाने जमिनीलगत खांबांना वळसे घालतात. पुढचे वेगदर्शक विमान सर्वांना रांगेत आणते आणि त्याचा वैमानिक 'जंटलमेन, यू हॅव अ रेस' म्हणून वर निघून जातो. ते वाक्य मी कानात ऐकले. मेहुण्यांच्या संचात साऱ्या जिल्ह्यातल्या फ्रिक्वेन्सींच्या तयार याद्या भरलेल्या होत्या, त्यामुळे तो त्या क्षणी कुठल्याशा वाहनतळावरच्या कर्मचाऱ्यांच्या बोलण्यावर थांबला होता. पुढे एक विमान अचानक रांग सोडून सरळ वर चढले. आजूबाजूच्या लोकांना वाटले की त्याने माघार घेतली. मला मात्र त्याची 'मेडे' ही संकटाची हाक, तेलाचा दाब गेल्याचे त्याचे शांत शब्द आणि धावपट्टी मोकळी असल्याचे त्याला मिळालेले उत्तर असे सगळे ऐकू आले. वेगाचे उंचीत रूपांतर करून, इंजिनाच्या भरवशावर न राहता त्याने विमान सुखरूप उतरवले, आणि तोपर्यंत मेहुणे मलाच विचारत होते की काय झाले.

ते आजही गणपतीत भेटले की म्हणतात, संच उत्तम होता, फक्त नीट भरला नव्हता. प्रेक्षागारात उन्हात बसून ज्याच्या याद्या आणि उपयाद्या उघडत बसावे लागते, तो संच त्या जागेसाठी उत्तम नव्हेच.

आपण युनिडेनचा बीसी १२५ एटी घ्यावा. त्यात ५०० वाहिन्या आहेत, एएम आहे, लष्करी विमानांचा २२५ ते ३८० मेगाहर्ट्झचा पट्टा आहे, आणि तो कुठेही मिळणाऱ्या दोन डबल-ए सेलवर चालतो. आयकॉमचा आयसी-आर६ त्याहून लहान आहे आणि तोही चालेल. पुष्कळांकडे असणारा बाओफेंगचा यूव्ही-५आर वॉकीटॉकी मात्र नेऊ नका, कारण त्यात एएम नाही. शर्यतीची, नियंत्रण मनोऱ्याची आणि प्रात्यक्षिकांची अशा मोजक्याच फ्रिक्वेन्सी संचातल्या एका बँकेत, म्हणजे वाहिन्यांच्या एका गटात, भराव्यात, बाकीच्या बँका बंद ठेवाव्यात आणि शर्यत सुरू झाली की स्कॅन थांबवून शर्यतीच्याच फ्रिक्वेन्सीवर राहावे. लांब अँटेनाच्या मागे लागू नये. विमाने डोळ्यांसमोर असतात, लहरी जोरकसच येतात. खर्च करायचाच असेल तर कान झाकणाऱ्या चांगल्या हेडफोनवर करावा, कारण इंजिनांच्या आणि निवेदकाच्या आवाजात संचाचा छोटा स्पीकर ऐकू येत नाही.

हे सारे अमेरिकेपुरते आहे. युरोपात वाहिन्यांमधले अंतर ८.३३ किलोहर्ट्झ असते, म्हणून तिथे जाणार असाल तर संचात ती सोय आहे की नाही हे आधी पाहावे. ब्रिटनमध्ये तर असे ऐकणेच कायद्यात बसत नाही. आपल्याकडेही १९३३ च्या कायद्यापासून परवान्याशिवाय बिनतारी संच बाळगण्यावर निर्बंध आहेत आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही परवानगीची अट आहे. तेव्हा हरणी विमानतळाची विमाने ऐकू या हौसेने तो बॅगेत घालून वडोदऱ्याला आणू नये. तिथेच विकत घ्यावा आणि परतताना मुलाकडे ठेवावा. माझा संच मुलीकडेच आहे. मेहुण्यांना पुढच्या वेळी तो हवा असेल तर मी आनंदाने देईन.