त्या कॉटची आठवण येते, हे घरी कसे सांगू?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझे वय ४१ आहे. लालबागच्या एका चाळीत आम्ही पाच माणसे एका खोलीत राहतो आणि मी दादरच्या एका पतपेढीत नोकरी करते. गेल्या पावसाळ्यात आधी माझी झोप गेली, मग भूक गेली आणि शेवटी आपण नसलो तर सगळ्यांचे बरे होईल, हा विचार मनात ठाण मांडून बसला. यजमान मला एका रुग्णालयाच्या ओपीडीत घेऊन गेले आणि त्याच संध्याकाळी मला मनोविकार विभागात दाखल करून घेतले. मी नको म्हणत होते, सही यजमानांनी केली. वॉर्डच्या दारात सिस्टरनी माझे मंगळसूत्र, बांगड्या, ओढणी, सलवारीची नाडीसुद्धा काढून घेतली आणि मागे जाळीच्या दाराला कुलूप लागले. तो आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो.

आठवड्याभराने मी स्वतःहून राहायला तयार झाले आणि एकूण २३ दिवस राहिले. तिथे लग्नानंतर प्रथमच मला माझी एकटीची कॉट मिळाली. सकाळी राउंडला डॉक्टर विचारायचे, झोप लागली का, जेवलात का. शेजारच्या कॉटवर एक वयस्क बाई होत्या, त्यांना भेटायला कोणी येत नसे. पहिल्या रात्री मी रडत होते तेव्हा त्या माझा हात धरून बसल्या होत्या. पण एका रात्री एका मुलीचे हात कॉटला बांधलेले मी पाहिले, आणि मी काहीच बोलले नाही.

घरी येऊन दोन महिने झाले. औषधे चालू आहेत आणि कामही सुरू केले आहे. चाळीत सांगितले आहे की मी आईच्या आजारपणासाठी सावंतवाडीला गेले होते. लोक आईची तब्येत विचारतात आणि मला खोटे बोलावे लागते. यजमान म्हणतात, झाले गेले विसरून जा. पण मला त्या वॉर्डची आठवण येते, आणि त्याच वॉर्डचा रागही येतो. ज्यांनी मला वाचवले त्या यजमानांचाही राग येतो, मग स्वतःची लाज वाटते. ही आठवण येणे म्हणजे मी अजून बरी झालेली नाही का? रुग्णालयाची फाइल आणि हातातली नावाची पट्टी मी कपाटात ठेवली आहे. सासूबाई म्हणतात, ते अशुभ आहे, टाकून दे. काय करू?

उत्तर : आधी तुमच्या सर्वांत मोठ्या भीतीविषयी लिहिते. वॉर्डची आठवण येणे एवढ्यावरून आजार परतला आहे, असे म्हणता येत नाही. मात्र त्या आठवणीबरोबर ‘आपण नसलेले बरे’ हा जुना विचार डोके वर काढत असेल, झोप पुन्हा उडाली असेल किंवा घास गिळवत नसेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना भेटा आणि तोच विचार त्यांना त्याच शब्दांत सांगा. रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे आणि महिने नाजूक असतात, म्हणून हे प्रथम लिहिले. रात्री-अपरात्री बोलावेसे वाटले तर ‘टेली-मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि विनामूल्य उपलब्ध आहे, आणि तिथे मराठीत बोलता येते. औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी करू नका, कितीही बरे वाटले तरी.

आता त्या कॉटविषयी. तुमच्या पत्रातील ‘एकटीची कॉट’ हे दोन शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. एका खोलीत पाच माणसांचे अंथरूण घालणारी, सर्वांत शेवटी निजणारी आणि पाणी यायच्या वेळेला सर्वांत आधी उठणारी स्त्री २३ दिवस एका जागी पडून राहिली, तिच्याकडून कोणी चहाची अपेक्षा केली नाही आणि तू जेवलीस का, हा प्रश्न रोज तिलाच विचारला गेला. त्याची आठवण आली नसती तरच नवल होते. नैराश्यावरच्या औषधांचा गुण साधारणपणे दोन ते चार आठवड्यांनी जाणवू लागतो. म्हणजे मनावरचा दगड हलू लागला तेव्हा तुम्ही त्याच कॉटवर होता, आणि तो हलका होण्याचा अनुभव त्या जागेला चिकटून राहिला. मी रुग्णालयात समाजसेविका म्हणून काम केले आहे. डिस्चार्जच्या दिवशी पिशवी भरून तयार असलेली आणि तरीही दाराकडे जायला पाय उचलत नसलेली माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांना घर नको होते असे नाही. पण घरी गेल्यावर आपल्या आजाराला तिथे जागा उरणार नाही, हे त्यांना ठाऊक होते.

या आठवणीतून घरात मागण्यासारखे काहीतरी हाती लागते. दुसरी खोली मागून मिळणार नाही, हे मलाही कळते. पण रात्री ठरलेल्या वेळी निजण्याची मुभा, सकाळचे पाणी आठवड्यातून काही दिवस दुसऱ्या कोणी भरणे आणि दिवसातून एकदा यजमानांनी ‘आज कशी आहेस’ हे थांबून विचारणे, एवढे मागता येईल. मुलांविषयी तुम्ही काही लिहिलेले नाही, परंतु घरात मुले असतील तर ती शाळकरी असली तरी एक हंडा उचलू शकतील.

तुमचा राग मला योग्य वाटतो आणि तो घाईघाईने विझवू नये, असे माझे मत आहे. मात्र त्यातला कोणता राग कशाचा आहे, हे वेगळे करून पाहा. मनोविकार विभागात नाडी, ओढणी, बांगड्या काढून घेतात त्या रुग्णाने स्वतःला इजा करू नये म्हणून. पण हे कारण कोणी तुमच्याजवळ बसून समजावले नसेल, तर तुमच्या हाती फक्त अपमान उरला. सौभाग्याची खूण दारातच उतरवून घेणे आपल्याकडच्या बाईला किती लागते, हे त्या सिस्टरना ठाऊक असणार. दोन मिनिटे थांबून सांगायला हवे होते. संमतीविना दाखल करण्यालाही मर्यादा आहेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार दोन तज्ज्ञांनी, ज्यांतील एक मनोविकारतज्ज्ञ असलाच पाहिजे, स्वतंत्रपणे तपासल्यावर आणि स्वतःच्या जिवाला धोका यांसारखी ठरावीक कारणे असतील तरच असे दाखल करता येते. ती मुदत ३० दिवसांपेक्षा अधिक नसते, आणि रुग्ण स्त्री असेल तर तीन दिवसांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला, म्हणजे रुग्णांच्या हक्कांची दखल घेणाऱ्या याच कायद्याखालील मंडळाला, कळवावे लागते. तुम्ही आठवड्याने स्वतः तयार झालात, त्यानंतर तुमचे राहणे तुमच्या इच्छेचे होते. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पत्रात तुम्ही ते अर्ध्या वाक्यात उरकले आहे. आत गेलात तेव्हा तुमचे कोणी ऐकले नाही, हे खरे आहे. पुढे राहण्याचे तुम्ही ठरवलेत, हेही खरे आहे.

हात बांधलेल्या मुलीविषयी तुम्हाला अपराधी वाटते. औषधांच्या गुंगीत, अनोळखी वॉर्डमध्ये, रात्री तुम्ही काय बोलणार होता? त्याच कायद्याने साखळदंडाने बांधण्यास पूर्ण बंदी केली आहे. इतर प्रकारे जखडायचे तर जवळ येऊन ठेपलेली इजा टाळण्याचा दुसरा कोणताही उपाय नसेल तेव्हाच, प्रभारी मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने, आवश्यक तेवढाच वेळ आणि नोंद करून. शिक्षा म्हणून किंवा कर्मचारी अपुरे आहेत म्हणून बांधता येत नाही. त्या रात्री नेमके काय झाले, हे तुम्हाला किंवा मला येथून ठरवता येणार नाही. जे पाहिले ते तारखेसह एका कागदावर लिहून ठेवा. स्वतः उपचार घेतलेल्या व्यक्तीला सेवेतील त्रुटींविषयी रुग्णालयाच्या प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्याकडे आणि तिथे समाधान झाले नाही तर मंडळाकडे तक्रार करण्याचा हक्क आहे. ती करायची की नाही, हे अंगात बळ आल्यावर ठरवा.

यजमानांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण त्या दाराबाहेर मीही एकदा उभी राहिलेली आहे. माझ्या भावाला दाखल केले तेव्हा सही माझी होती. कुलूप लागल्याचा तो आवाज बाहेरच्या माणसालाही ऐकू येतो. तुमचे मंगळसूत्र कागदात गुंडाळून यजमानांच्या हातात दिले असेल. ते घेऊन ते लालबागला कसे परतले, ते कुठे ठेवले, घरी काय सांगितले, हे तुम्ही त्यांना कधी विचारले आहे का? ‘विसरून जा’ असे म्हणणारा माणूस पुष्कळदा स्वतःच ते विसरू शकत नसतो. त्यांना त्या संध्याकाळबद्दल विचारा, आणि त्यांचे ऐकून झाल्यावर तुमचे सांगा : तुम्ही मला वाचवलेत आणि मला तुमचा राग आला होता. ही दोन्ही वाक्ये एका दमात म्हणता येतात. मला माझ्या भावाने ती तीन वर्षांनी ऐकवली, आणि मला त्याचे बरेच वाटले.

सावंतवाडीच्या खोट्या गोष्टीचा भार मात्र यजमानांनी आणि सासूबाईंनी तुमच्याबरोबर उचलला पाहिजे. ‘ठाण्याला पाठवा’ ही मुंबईत शिवीसारखी वापरली जाणारी म्हण ऐकतच सासूबाईंची पिढी वाढली. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे, आणि १९१२ चा जुना कायदा दीर्घकाळ लागू होता, ज्याखाली माणूस बहुतेकदा दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने आत जाई आणि बाहेर येणे त्याच्या हातात नसे. त्यांची भीती तिथून आलेली आहे. सगळ्या चाळीला खरे सांगण्याची सक्ती तुमच्यावर कोणाचीही नाही. आजाराची माहिती गुप्त राहणे हा तुमचा हक्क आहे. पण धडधाकट आईला रोज आजारी पाडण्यापेक्षा ‘माझीच तब्येत बिघडली होती, आता उपचार चालू आहेत’ एवढे म्हणून विषय बदलणे सोपे जाईल. एका मैत्रिणीला तरी पूर्ण सांगा.

पुन्हा कधी वेळ आली तर काय हवे आणि काय नको, हे बरे असताना लिहून ठेवण्याची सोय २०१७ च्या कायद्यात आहे. आपल्या वतीने बोलणारी व्यक्तीही त्यात नेमता येते. तातडीच्या उपचारांना ते लागू होत नाही, तरीही दारात मंगळसूत्र काढण्यापूर्वी मला कारण सांगा, हे लिहायला हरकत नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांकडे हा विषय काढा. त्याच वेळी शेजारच्या कॉटवरच्या बाईंसाठी एक चिठ्ठी वॉर्डच्या समाजसेविकेकडे देता येईल. त्यांची माहिती ती तुम्हाला देणार नाही आणि देऊही नये. पण चिठ्ठी पोहोचवता आली तर पोहोचवेल.

फाइल टाकू नका. डिस्चार्ज कार्डावर कोणते औषध किती मात्रेत लागू पडले, याची नोंद असते आणि पुढच्या प्रत्येक डॉक्टरला ती लागेल. आरोग्यविमा असेल तर तिथेही ती लागेल, कारण मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच विमा देण्याचे बंधन याच कायद्याने घातले आहे. कार्डाच्या दोन प्रती काढा आणि एक यजमानांकडे द्या. नावाची पट्टी कोणाच्या उपयोगाची नाही. ती ठेवायची की नाही, हे तुम्ही एकटीने ठरवा आणि तोवर ती कपाटात आहे तिथेच राहू द्या. सासूबाईंना सांगा, मी विचारले होते आणि ठेव म्हणून उत्तर आले आहे.