पिलग्रिम जातीच्या राजहंसात नर-मादी कशी ओळखायची? कोल्हापुरात जोडी घ्यायची आहे.

सरळ रंग बघा. मोठा नर पांढरा, डोळे निळे. मादी राखाडी, चोचीभोवती पांढरं. एका दिवसाच्या पिलांतही कळतं: नर फिकट पिवळसर, चोच उजळ, मादी गडद, चोच काळपट. बाकीच्या बहुतेक जातींत पिलू उलटं धरून शेपटीखाली बघावं लागतं.

पण ही जात अमेरिकेतली. तिथल्या पोल्ट्री संघटनेने १९३९ साली मान्य केली, तरी तिथंही दुर्मीळच. इथं कोणी 'पिलग्रिम' म्हणून दाखवली, तर आधी चोचीच्या मुळाशी हात लावा. गाठ लागली की चिनी जातीच्या राजहंसाचं रक्त मिसळलंय समजा. आमच्या शिरोळच्या मळ्यातली जोडी तसलीच! उसात कोणी शिरलं की कुत्र्याआधी ओरडते, ते मात्र खरं.