‘शब्दांचाच तर गेम आहे’, मग काळजी करायची की नाही?

‘मारामारीचा गेम असता तर सरळ बंद केला असता, पण हा तर शब्दांचा आहे. चालू द्यायचा की नाही?’ मी समुपदेशक आहे, नागपुरातल्या बऱ्याच घरांतून हा प्रश्न माझ्याकडे येतो. गेममध्ये शब्दकोडी किंवा गणितं असली की घरात दोन पक्ष पडतात. एकाला तो अभ्यास वाटतो, दुसऱ्याला व्यसन. आणि मूल मधल्या मधे सापडतं. अशाच एका घराचा अनुभव त्यांच्या परवानगीनं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी नववीतली. आठवीपर्यंत वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात मराठी शाळेत शिकली, वर्गात कायम पहिल्या तिनात. वडिलांची बदली झाली, कुटुंब नागपुरात मानेवाड्याकडे राहायला आलं आणि तिला इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातलं. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जून संपता संपता उघडतात. त्यामुळे मे आणि जवळजवळ सगळा जून ती नव्या शहरात घरात बसून होती. मैत्रीण एकही नाही. बाहेर पंचेचाळीसच्या पुढे पारा, घरात कूलरचा आवाज आणि मावसभावानं दिलेला जुना लॅपटॉप. त्या लॅपटॉपमध्ये तो गेम होता.

गेमचं नाव ‘बुकवर्म ॲडव्हेंचर्स’. पॉपकॅप या कंपनीनं तो २००६ मध्ये काढला, म्हणजे या मुलीपेक्षाही जुना. लेक्स नावाची एक हिरवी पुस्तकी अळी त्यात नायक आहे. पडद्यावर चार ओळींत चार-चार अशी सोळा इंग्रजी अक्षरं असतात. त्यांतून किमान तीन अक्षरांचा शब्द बनवायचा, की लेक्स समोरच्या राक्षसावर हल्ला करतो. शब्द जितका लांब आणि अक्षरं जितकी दुर्मीळ, तितका वार जबर. मग राक्षसाची पाळी. तो आपल्या जिवाचे बदाम, म्हणजे हृदयाची चिन्हं, कमी करतो, कधी आपली अक्षरंच कुलूपबंद करून टाकतो. पहिला भाग ग्रीक पुराणांतल्या राक्षसांचा, दुसरा अरबी कथांच्या वळणाचा, तिसरा भुताखेतांचा. प्रत्येक भागात प्रकरणं, प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक मोठा शत्रू. जिंकत गेलं की लेक्सची ताकद वाढते, औषधाच्या बाटल्या आणि जादूच्या वस्तू मिळतात.

हे इतकं सविस्तर सांगते, कारण गेम कसा चालतो हे न बघता त्याबद्दल मत देणं मला मान्य नाही. पालकांनाही मी हेच सांगते: आधी मुलाशेजारी अर्धा तास बसा, खेळ समजून घ्या, मग बोला.

आई-वडील दोघंही आले होते. पोळा आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात निघणारी मारबत, म्हणजे ईडापीडा घालवायला काढलेल्या पुतळ्यांची मिरवणूक, नुकतीच होऊन गेली होती. आई म्हणाली, ‘‘रात्री दीड वाजता उठून पाहिलं तर ही खेळून राहिली. जेवायला दहा आवाज द्या, तेव्हा येते. मारबतीची मिरवणूक पाहायला गेलो, तर सगळे ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणून राहिले होते, मी मनात म्हटलं, हा लॅपटॉपही घेऊन जा बाई.’’ बोलता बोलता तिचे डोळे भरले. वडिलांचं म्हणणं वेगळं होतं. ‘‘अहो मॅडम, शब्दाचाच तर गेम आहे न! इंग्लिश सुधरून राहिली आहे तिची. ही उगाच टेन्शन घेते.’’ घटक चाचणीत इंग्रजीत काठावर पास, विज्ञानात नापास, हे मात्र दोघांनाही सारखंच लागलं होतं.

व्यसन हा शब्द घरात सहज वापरला जातो, पण त्याला मोजमाप आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात गेमिंगचा विकार नोंदलेला आहे. हे वर्गीकरण २०१९ च्या मे महिन्यात स्वीकारलं गेलं आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. त्यात तीन गोष्टी पाहायच्या असतात. खेळण्यावरचा ताबा सुटला आहे का. खेळ इतर सगळ्या आवडींच्या आणि रोजच्या कामांच्या वर जाऊन बसला आहे का. आणि नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच आहे, किंवा वाढतच आहे का. हे सगळं साधारणपणे बारा महिने टिकलेलं असावं आणि त्यानं आयुष्याची घडी ठळकपणे विस्कटलेली असावी. या मुलीचं खेळणं चार-पाच महिन्यांचं होतं. रविवारी आत्या आली की ती लॅपटॉप उघडतही नसे. गावाकडे गेली की आठवडाभर गेमची आठवण काढत नसे. हा विकार नव्हता. पण म्हणून सगळं ठीक होतं असंही नाही, कारण रात्रीची झोप पाच तासांवर आली होती आणि शाळेच्या दिवशी सकाळी तिचं पोट हमखास दुखायचं.

पोट फक्त शाळेच्या दिवशी दुखतं, हे आईनं जाता जाता सांगितलं. माझ्यासाठी त्या भेटीतली ती सर्वांत महत्त्वाची माहिती होती.

पुढच्या वेळी मी मुलीला लॅपटॉप घेऊन बोलावलं आणि म्हटलं, ‘‘मला शिकव.’’ आधी तिला खरं वाटेना. मोठी माणसं गेमबद्दल विचारतात ती रागावण्याआधी, असा तिचा अनुभव. पण पंधरा मिनिटांत ती रंगली. शेवटी एस, ईडी, ईआर, आयएनजी लावून छोटा शब्द कसा लांबवायचा, क्यू आलं की मोठा शब्द जुळेपर्यंत ते कसं जपून ठेवायचं, अक्षरं बदलून घेतली तर आपली पाळी कशी वाया जाते, हे ती हिशेबानं सांगत होती. शब्दांचे तुकडे कसे जुळतात याचं बरंच ज्ञान या मुलीनं एकटीनं मिळवलं होतं. मला तिचं मनापासून कौतुक वाटलं आणि मी ते बोलूनही दाखवलं.

एक गोष्ट मात्र खटकत होती. ती शब्द बोटानं दाखवायची, तोंडानं म्हणायची नाही. मी म्हटलं, ‘‘हा वाचून दाखव न.’’ ती गप्प झाली. बऱ्याच वेळानं जुलैतला प्रसंग बाहेर आला. वर्गात धडा वाचताना ‘आयलंड’ तिनं जसा लिहितात तसाच, ‘इसलँड’ असा वाचला. वर्ग हसला. शिक्षिकाही हसल्या. मग तेच तिचं नाव पडलं. त्यानंतर तिनं वर्गात तोंड उघडलं नव्हतं. विज्ञानाच्या तासाला उत्तर येत असूनही नाही, शंका विचारायची असली तरी नाही. घरी हे कुणालाच माहीत नव्हतं. वडिलांनी हौसेनं इंग्रजी शाळेत घातलं, त्यांना वाईट वाटेल म्हणून तिनं सांगितलं नाही.

आता गेम परत बघा. त्यात शब्द चुकला तर काय होतं? काहीच नाही. हल्ल्याचं बटण उजळत नाही, एवढंच. पाळी जात नाही, बदाम कमी होत नाही, कुणी हसत नाही. अक्षरं परत ठेवायची आणि दुसरं काही जुळवून पाहायचं. मुख्य खेळात घड्याळाचा धाक नाही, विचार करायला हवा तितका वेळ आहे. जिथे चारचौघांत एका शब्दानं तिची फजिती झाली, त्याच भाषेत इथे ती राक्षस लोळवत होती. दिवसभर शाळेत गप्प राहिलेली मुलगी रात्री जिंकायला बसायची. त्यावर भूमिकाखेळाचं, म्हणजे नायकाची ताकद वाढवत पुढे जायच्या गेमचं, ते ओढून नेणारं तंत्र होतंच: ताकद एक पायरी वर जायला थोडंसंच उरलेलं, पुढचा राक्षस दिसतोय, ‘आता एवढा एकच.’

आईला मी सांगितलं की लॅपटॉप उचलून कपाटात ठेवला तर तिची शाळेची भीती जाणार नाही, फक्त तिचा आसरा जाईल. वडिलांना सांगणं जास्त अवघड होतं. गेममुळे तिला शब्दांची वर्णरचना कळते आहे हे खरं, पण त्यांतल्या कित्येक शब्दांचा अर्थ तिला माहीत नाही, उच्चार तर नाहीच. गेम शब्द मान्य करतो आणि पुढे जातो. वाक्य करून दाखव म्हणत नाही. परीक्षेत आणि वर्गात लागतं ते नेमकं वाक्य. ‘इंग्लिश सुधरून राहिली’ हे समाधान तिच्या गप्प बसण्यावर पांघरूण घालत होतं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढंच विचारलं, ‘‘मॅडम, मी तिले या शाळेत टाकून चूक केली का?’’ एरवी माझ्याशी बऱ्यापैकी प्रमाण भाषेत बोलणारा माणूस त्या क्षणी पुरता घरच्या बोलीत आला. मी म्हटलं, शाळेचा निर्णय आज करू नका, आधी तिला त्या वर्गात पाय रोवता येतात का ते पाहू.

मग काम सुरू झालं, आणि त्यातलं बहुतेक गेमबाहेरचं होतं. भीतीची गोष्ट टाळली की लगेच हायसं वाटतं, आणि त्या हायसं वाटण्यामुळेच पुढच्या वेळी टाळावंसं वाटतं. टाळणं असं स्वतःला पोसत राहतं. त्यावर उपाय म्हणजे छोट्या छोट्या पायऱ्यांनी त्या गोष्टीला सामोरं जाणं. मुलीची परवानगी घेऊन मी वर्गशिक्षिकांशी बोलले. त्यांना त्या हसण्याची आठवणही नव्हती, पण त्यांनी ते मनावर घेतलं. उद्या कोणता परिच्छेद वाचायचा आहे हे तिला आदल्या दिवशी कळेल, सुरुवातीला चारच ओळी, आणि विज्ञानाचं उत्तर मराठीत दिलं तरी चालेल, असं ठरलं. तिला चिडवणाऱ्या मुलींचं काय करायचं ते शिक्षिकांनी त्यांच्या पद्धतीनं पाहिलं. मी त्यात पडले नाही.

घरी एक वही आली. गेममध्ये वापरलेले पण अर्थ न कळलेले पाच शब्द रोज त्यात लिहायचे, शब्दकोशात पाहायचे, मोबाइलवर उच्चार ऐकायचा आणि आईला मोठ्यानं म्हणून दाखवायचे. आईचं शिक्षण बारावीपर्यंत, मराठीतून. इंग्रजीचा धसका तिलाही होताच. माझ्या मते हीच गोष्ट कामी आली. लेकीला पहिल्यांदा अशी श्रोती मिळाली, जी चूक काढू शकत नव्हती आणि जिला खरंच शिकायचं होतं. दोघी ओट्यापाशी उभ्या राहून शब्द म्हणायच्या, एक पोळ्या लाटताना, दुसरी वही धरून. ‘‘हा तर फारच कठीण आहे बाप्पा,’’ असं आई म्हणाली की मुलगी हसत समजावून सांगायची. मुद्दाम ठरवूनही मला याहून चांगली योजना सुचली नसती.

झोपेच्या बाबतीत मी कडक होते. रात्री दहानंतर लॅपटॉप बाहेरच्या खोलीत, अभ्यासाच्या दिवशी एक प्रकरण, सुट्टीच्या दिवशी दोन. वेळेऐवजी प्रकरण मोजायचं, हे तिनंच सुचवलं. लढाई अर्ध्यात तोडली की चिडचिड होते आणि भांडण पेटतं. प्रकरण संपलं की मन आपोआप सैल होतं. ज्या गेमला असे थांबे आहेत, त्यात मी घड्याळाच्या जागी थांबा धरायला सांगते. वडिलांकडे एकच काम दिलं: रात्री जेवणानंतर तिच्यासोबत चालायला जायचं आणि त्या वेळात गुण, ट्यूशन, स्पेलिंग यांतलं काही काढायचं नाही. त्यांना ते जड गेलं, पण जमलं.

सरळ रेषेत काही झालं नाही. दिवाळीच्या सुट्टीत ती दोनदा मध्यरात्रीपर्यंत खेळली. ‘परत सुरू झालं’ म्हणत आईचा घाबरून फोन आला. सुट्टीत चौदा वर्षांचं मूल उशिरापर्यंत जागलं, यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. शाळा उघडल्यावर झोप पुन्हा रुळावर येते का, ते पाहायचं होतं. ती आली. पोटदुखी डिसेंबरात थांबली. विज्ञानात ती पास झाली, इंग्रजीत गुण होते तिथेच राहिले. वर्गात ती आता वाचते, अजून हळू आवाजात. गेमचा तिसरा भाग तिनं संपवला आणि मग काही दिवस लॅपटॉप उघडलाच नाही. संपणारा गेम असण्याचा हा फायदा मला मोठा वाटतो.

म्हणूनच हा अनुभव वाचून ‘शब्दांचा गेम आहे, चालेल’ असं कुणी ठरवू नये. त्याच सुमारास आठवीतला एक मुलगा माझ्याकडे येत होता. त्याचाही गेम शब्दांचाच, पण फोनवरचा: रोज हजेरी लावली नाही तर बक्षीस बुडणार, रात्री अनोळखी लोकांच्या गटात गप्पा, आणि वडिलांच्या खात्यातून न सांगता केलेली खरेदी. त्याच्या गेमला शेवट नव्हताच. वर्ष उलटून गेलं होतं, क्रिकेट सुटलं होतं, मित्र सुटले होते, फोन काढून घेतल्यावर त्यानं भिंतीवर डोकं आपटलं होतं. त्याला मी पहिल्याच भेटीत मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, आणि समुपदेशन त्यांच्या उपचारांसोबत चाललं.

तुमच्या घरी यांतलं नेमकं काय चाललं आहे हे समजत नसेल, तर आठवडाभर तीनच गोष्टी लिहून ठेवा: मूल किती वाजता झोपलं, कोणत्या दिवशी काय दुखलं, आणि खेळायच्या आधी त्या दिवशी शाळेत किंवा घरात काय घडलं होतं. तो कागद घेऊन समुपदेशकाकडे जा. मूल स्वतःला इजा करत असेल किंवा जगण्याबद्दल निराशेचं बोलत असेल, तर आठवडाभर थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, किंवा केंद्र सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो आणि मराठीतही बोलता येतं.