मुलांना निबंध लिहायला कसं शिकवावं? माझी मुलगी पाचवीत आहे, गाईडमधलंच पाठ करून लिहिते

मी यवतमाळ जिल्ह्यात झेडपीच्या शाळेत शिकवतो, तुमच्या मुलीसारखी २२ लेकरं रोज समोर असतात. आधी मीच फळ्यावर निबंध लिहून द्यायचो, 'पावसाळ्यातील एक दिवस', मग २२ वह्यांत तोच एक मोर थुईथुई नाचायचा, आणि घरी म्हणाल तर यांची बैलबंडी चिखलात फसलेली, पऱ्हाटीत कंबरभर गवत, ते एकाच्याही वहीत नाही.

एकदा एक पोरगा वर्गात डुलक्या घेत होता. विचारलं तर म्हणे, "सर, रातच्याले बाबासंगं जागलीले गेल्तो." म्हटलं सांग बरं काय झालं, तर तुरीच्या वावरात डुकरं कशी शिरली, पिपा कसा वाजवला, दहा मिनिटं थांबलाच नाही. म्हटलं, आता हेच लिही. लिहिलं काय? 'मी जागलीला गेलो. डुक्कर आले. मजा आली.' संपलं!

इथंच आपण लाल पेन काढतो. मी त्याला ते मोठ्यानं वाचायला लावलं आणि बाकीच्यांना म्हटलं, विचारा काय विचारायचं ते. "किती होते बे?" "तुले भेव नाई लागलं?" "कुत्रं कुठी होतं मंग?" दुसऱ्या दिवशी हीच उत्तरं घालून परत लिहायला लावलं तर दीड पान भरलं. तेव्हापासून मी असंच करतो, आधी बोलणं मग लिहिणं, मग पोरांचे प्रश्न आणि परत लिहिणं.

पहिल्या वेळी 'मले', 'गेल्तो' खोडत नाही. कोणाच्या तोंडचं असलं तर शेवटपर्यंत राहू देतो, बाकी दुसऱ्या वेळी 'मला' करून घेतो, कारण परीक्षेत प्रमाण भाषा लागतेच. शुद्धलेखनाचंही तसंच, साहित्य महामंडळाचे १९६२ चे १४ नियम आणि १९७२ चे आणखी ४, सगळे एकदम चालवले तर वही लालेलाल आणि पोरगं गप्प. मी महिनाभर फक्त शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ एवढंच बघतो, पाणी, विळी, वाळू ('आणि'सारखे थोडे अपवाद सोडून).

वेळ जातो, खोटं कशाला बोलू. म्हणून रोज पाचच वह्या घेतो. तुमच्याकडे तर एकच आहे, गाईड लगेच काढून घेऊ नका, पोरगी घाबरेल, फक्त तिनं लिहिलेलं वाचताना हातात पेन ठेवू नका.